कॅसिनो आंबोलीखाली आला, तर पैसा कुणाच्या हद्दीत पडणार?

पंचगंगाकाठ:
सिंधुदुर्गात कॅसिनो काढा, म्हणजे कोल्हापूरची गाडी पणजीला न जाता अलीकडेच थांबेल, असं पर्यटनाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच. माझा विरोध आहे, आणि तो पापपुण्याचा नाही, हद्दीचा आहे.

अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यातलं लास व्हेगास म्हणून जी कॅसिनोंची झगमगती पट्टी फोटोत दिसते, ती स्ट्रिप लास व्हेगास शहरात नाहीच. मोठे कॅसिनो शहराच्या दक्षिण वेशीबाहेर उभे राहिले. १९५० मध्ये शहर त्यांना हद्दीत घ्यायला निघालं, तेव्हा मालकांनी काउंटीकडून, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याकडून, तो भाग ‘पॅराडाइज’ नावाची वेगळी वस्ती म्हणून मंजूर करून घेतला. तिथं महापालिका नाही, महापौर नाही आणि शहराचा करही नाही. १९७२ ला महापालिका झाल्यापासून हद्दवाढीवर भांडणाऱ्या कोल्हापूरला यातली मेख सांगायला नको.

पणजीत तर हद्द पाण्यातच आहे. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ ला पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि १९९६ ला जहाजावरच्या टेबलांना सूट मिळाली. म्हणून जमिनीवर यंत्रं, आणि हातानं वाटलेला पत्ता मांडवीतल्या बोटींवर. परवान्याचं भलंमोठं शुल्क राज्याच्या तिजोरीत जातं. रात्री बांदोडकर मार्गावर अडकलेल्या गाड्या आणि जेट्टीवरची गर्दी मात्र पणजीकरांच्या वाट्याला. सावंतवाडी किंवा वेंगुर्ल्याची नगरपालिका हे कशाच्या जोरावर पेलणार?

उचगावकर_७२:
दादा, अर्धंच सांगितलंत. स्ट्रिपचा पैसा शहराला मिळाला नाही, पण काउंटीला मिळाला, आणि तिथं काउंटी म्हणजे नुसतं कलेक्टर ऑफिस नव्हे. विमानतळ काउंटीचा. शाळा सगळ्या काउंटीला मिळून एकाच मंडळाच्या. पोलीस तर १९७३ ला शहर आणि काउंटीचे एकत्रच झाले. हॉटेलच्या खोलीवर जो कर बसतो, त्यातला वाटा शाळांना जातो. वर नेव्हाडात राज्याचा प्राप्तिकरच नाही. हद्दीबाहेर राहिलं म्हणजे लुटलं, हे गणित कोल्हापूरच्या वेशीबाहेरच्या आमच्या गावांवरही लावू नका.

पणजी महापालिकेच्या हाती काहीच नाही, हेही खरं नाही. बोटींची जी कार्यालयं किनाऱ्यावर आहेत, त्यांना व्यापार परवाना महापालिकेचाच लागतो.

पंचगंगाकाठ:
परवाना लागतो, पण त्या परवान्याच्या फीवर जेट्टीसमोरचा रस्ता रुंद होत नाही. आणि खोलीवरच्या कराचं म्हणाल, तर त्याच करात वाढ करून स्टेडियमसाठी ७५ कोटी डॉलर उभे केले. २०२० ला स्टेडियम झालं. तो पैसा शाळांकडेही वळवता आला असता. कर वसूल होतो की नाही एवढंच बघून भागत नाही, तो कशावर खर्च करायचा हे कोण ठरवतं तेही बघा.

लास व्हेगासच्या जुन्या रहिवाशाचं दुखणं याहून साधं आहे. पूर्वी जुगारावर कमाई व्हायची म्हणून खोली, जेवण, पार्किंग स्वस्त किंवा फुकट. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्ट्रिपवर खोल्या, खाणं आणि शोचं उत्पन्न जुगाराच्या पुढं गेलं आणि हिशोब फिरला. २०१६ पासून मोठ्या हॉटेलांनी पार्किंगलाही पैसे लावले. खोलीच्या भाड्यावर ‘रिसॉर्ट फी’ वेगळी. १९८९ चं मिराज आणि १९५७ चं ट्रॉपिकाना ही जुनी कॅसिनो-हॉटेलंही २०२४ मध्ये बंद झाली.

गंगावेस_लेखापाल:
हद्द राहू दे बाजूला, खेळणाऱ्याचा हिशोब मांडतो.

रुलेटच्या चाकावर १ ते ३६ आणि एक शून्य, म्हणजे ३७ घरं. एका आकड्यावर लावलं आणि लागलं तर ३५ पट मिळतात. इथं कॅसिनोचा वाटा सरासरीनं पैजेच्या २.७० टक्के. दोन शून्यांच्या चाकावर तो ५.२६ होतो. लास व्हेगासमध्ये आता तीन शून्यांची चाकं आहेत, तिथं ७.६९. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळातही तेच. हजार रुपयांवर ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच २१, लागलं तर जुन्या ३:२ च्या टेबलावर १,५०० मिळायचे, ६:५ च्या टेबलावर १,२००. एवढ्या एका बदलानं कॅसिनोचा वाटा पैजेच्या सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. टेबलाच्या कापडावर ते छापलेलं असतं, बसण्याआधी वाचा.

आता आपल्याकडचा कर. ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या, म्हणजे खेळायला विकत घ्यायच्या टोकनांच्या, पूर्ण दर्शनी किमतीवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. पावतीवर वेगळा दाखवा की पॅकेजमध्ये मुरवा, कुणाला तरी भरावाच लागतो. उरलेल्या चिप्स परत केल्या तरी तो परत येत नाही. १०,००० च्या चिप्सवर ४,००० कर. एक शून्याच्या चाकावर नुसत्या खेळण्यात सरासरीनं ४,००० घालवायचे तर जवळपास १ लाख ४८ हजारांच्या पैजा लावाव्या लागतात. म्हणजे टेबलाला हात लावायच्या आधीच रात्रभराचा तोटा झालेला असतो. जिंकलात तर त्यावर ३० टक्के प्राप्तिकर, उपकर वेगळा, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही.

या दरावर सिंधुदुर्गात नवीन कॅसिनो चालेल, हे मला पटत नाही.

शाहूपुरी_चौक:
लेखापाल, चालणार नाही म्हणता, मग पणजीच्या जेट्टीवर शनिवारी एमएच-०९ च्या एवढ्या गाड्या कशा? टक्केवारी बघून कोणी बोटीत चढत नाही. जेवण, नाच, रात्रभर जागरण या सगळ्याचे पैसे लोक देतात. आणि जीएसटीतला राज्याचा निम्मा वाटा आज गोव्याला जातो. गिऱ्हाईक आपलं, खिसा आपला, तिजोरी त्यांची.

पाणी संपेल अशीही भीती घालतात. नेव्हाडाचा कोलोरॅडो नदीतला अख्खा वाटा वर्षाला ३ लाख एकर-फूट, म्हणजे १३ टीएमसी. आपल्या काळम्मावाडी धरणाच्या निम्मं! त्यात लास व्हेगासची वस्ती आणि हॉटेलं भागतात, कारण नळातून गटारात गेलेलं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध करून त्याच नदीवरच्या मीड तलावात परत सोडतात, आणि तेवढंच पुन्हा उचलायची मुभा मिळते. वाया जातं ते हिरवळीवरचं. म्हणून शोभेचं गवत २०२६ अखेर काढायचा कायदा त्यांनी २०२१ मध्येच केला. आपण पंचगंगेत सांडपाणी सोडतो, त्याला कुठला कॅसिनो कारण आहे?

आजरा_घनसाळ:
कायदा कुणीच काढला नाही म्हणून सांगतो. महाराष्ट्रानं १९७६ लाच कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी लागूच केला नाही, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं. लॉटरी मात्र १९६९ पासून राज्य सरकार स्वतः चालवतं. नेव्हाडात याच्या उलटं आहे. किराणा दुकानात स्लॉट मशीन चालतं, पण राज्याच्या लॉटरीला घटनेतच बंदी! आणि वेश्याव्यवसाय काही ग्रामीण काउंट्यांत कायदेशीर असला, तरी लास व्हेगासच्या काउंटीत नाही.

स्थानिकांना बंदी घालू, बाहेरच्यांचाच पैसा घेऊ, असंही कोणी म्हणेल. गोव्यानं २०२० मध्ये गोवेकरांना प्रवेशबंदी जाहीर केली. सिंगापूर आपल्या नागरिकाकडून कॅसिनोत शिरायला २४ तासांचे १५० सिंगापूर डॉलर घेतं. पण सिंधुदुर्गात ‘स्थानिक’ कोण धरणार? आधारवर कोल्हापूर लिहिलेला माणूस बाहेरचा, मग तो घाट उतरून कितीही वेळा खेळो. म्हणजे बंदी सावंतवाडीकरांना आणि दरवाजा उघडा आपल्यालाच.

शाहूपुरी_चौक:
मग सिंगापूरसारखं शुल्क सगळ्या महाराष्ट्राला लावा. दारात भरायचं, कार्डावर नोंद.

पंचगंगाकाठ:
लावा. पण आधी कायद्यात एक कलम घाला, की त्या शुल्कातला आणि परवान्यातला ठरलेला हिस्सा राज्यामार्गे न फिरता थेट त्या नगरपालिकेच्या खात्यात जाईल, आणि कॅसिनो तिच्या हद्दीतच असेल. हे कलम मान्य असलेला एक तरी समर्थक इथं हात वर करू दे.

उचगावकर_७२:
हिस्सा मान्य. हद्दीची सक्ती नाही. ग्रामपंचायतीच्या जागेत झाला तर ग्रामपंचायतीला द्या.