ग्राउल परतला, पण तेवढंच नाही

2024च्या सर्वोत्तम मेटल अल्बम आणि कॉन्सर्टच्या एका यादीत ओपेथ या स्वीडिश मेटल बँडचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' पहिला ठेवलाय, कारण 'ग्राउल (घशातून काढलेला गुरगुरता, खरखरीत आवाज) परत आला'. हे म्हणणं मला अर्धंच पटलं. 2008च्या 'वॉटरशेड'नंतर त्यांच्या स्टुडिओ अल्बमवर तो पहिल्यांदाच ऐकू आला, खरंय. पण जुन्या चाहत्यांना खूश करायला चिकटवलाय असं वाटत नाही. अख्खा अल्बम म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या एका धनाढ्य घराण्यातलं मृत्युपत्राचं वाचन. म्हणून पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत, कायद्याच्या कागदात असतात तसे नुसते परिच्छेदांचे आकडे. नाव मिळतं ते थेट आठव्या, शेवटच्या गाण्याला. मेलेल्या बापाचा वचक त्या खरखरीत घशातून येतो, निदान मला तरी तसंच ऐकू येतं. मधूनमधून बोलणारा आवाज जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडच्या इयन अँडरसनचा, आणि बासरीही त्याचीच! शब्द समोर ठेवून, हेडफोन लावून एकदा ऐकाच. गाडी चालवताना लावायचा हा अल्बम नव्हे.

बाकी गोजिरा या फ्रेंच मेटल बँडचं पॅरिस ऑलिंपिकमधलं सादरीकरण 'कॉन्सर्टमध्ये धरू नका' हे त्या यादीतलं म्हणणं मान्य, एका गाण्याला कॉन्सर्ट कसं म्हणणार? पण पॅरिसमधल्या ज्या जुन्या तुरुंगात, कॉन्सिएर्झरीत, फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी राणी मारी आंत्वानेत कैदेत होती, त्याच्याच भिंतीवर उभं राहून क्रांतीचं गाणं वाजवायचं, सोबत ऑपेरा गायिका मारिना विओती... त्याला पुढे ग्रॅमीही मिळालं. वेगळा रकाना करा, पण यादीत घ्या.