‘स्ट्रॅटेजी’ : व्यूहरचना, रणनीती की धोरण?

प्रश्न : सोलापुरातील एका यंत्रमाग कारखान्याच्या वार्षिक अहवालाच्या मराठी मसुद्यात ‘स्ट्रॅटेजी’साठी कुठे ‘व्यूहरचना’, कुठे ‘रणनीती’, तर कुठे ‘धोरण’ असे शब्द आले आहेत. यांपैकी कोणता ठेवावा?

उत्तर : या शब्दाच्या मुळाशी ग्रीक ‘स्त्रातेगोस’, म्हणजे सेनापती, हा शब्द आहे; ‘स्त्रातोस’ म्हणजे सैन्य आणि ‘आगेइन’ म्हणजे नेणे. इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये दरवर्षी असे दहा सेनापती निवडले जात, आणि पेरिक्लीझसारखा मुत्सद्दी याच पदावरून नगरराज्याचा कारभार हाकत असे. इंग्रजीत मात्र हा शब्द आजच्या अर्थाने रुळला तो फ्रेंचमार्गे, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्रशियन सेनाधिकारी क्लाउझेविट्झच्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात भेद स्पष्ट केलेला आहे : चकमकीत सैन्य कसे वापरावे हे ‘टॅक्टिक्स’, आणि युद्धाचे उद्दिष्ट गाठण्यासाठी चकमकींचा उपयोग कसा करावा ही ‘स्ट्रॅटेजी’. उद्योगव्यवस्थापनात या शब्दाचा बोलबाला झाला तो १९६० च्या दशकात.

आता ‘व्यूहरचना’. कौटिल्याने दंड, भोग, मंडल आणि असंहत असे व्यूहांचे प्रकार सांगितले आहेत, आणि ते सारे रणभूमीवर सैन्य कसे उभे करावे याविषयीचे आहेत. ‘टॅक्टिक्स’ ज्या ग्रीक धातूपासून आला त्याचाही अर्थ मांडणे, रांगेत लावणे असाच असल्याने, काटेकोरपणे पाहता व्यूहाचे नाते ‘टॅक्टिक्स’शी जुळते. वृत्तपत्रांनी ‘निवडणुकीची व्यूहरचना’ इतकी रूढ केली आहे की तिथे हरकत घेण्यात अर्थ नाही. कारखान्याच्या अहवालात मात्र ती भारदस्त वाटली तरी नेमकी नाही. ‘रणनीती’ला शत्रू लागतो, आणि चादरीचा ग्राहक काही शत्रू नव्हे.

‘धोरण’ हा शब्द ‘पॉलिसी’साठीही वापरला जातो, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे, शासनाचे वस्त्रोद्योग धोरण हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तरीही आपण ज्याला ‘धोरणी माणूस’ म्हणतो तो पुढचे पाहून पावले टाकणारा असतो, आणि ‘स्ट्रॅटेजी’तला हाच आशय इतर दोन शब्दांत उतरत नाही. म्हणून जकार्डच्या चादरींवरील भर कमी करून पुढील काही वर्षांत टेरी टॉवेलच्या निर्यातीकडे वळण्याचा निर्णय ज्या परिच्छेदात आहे, तिथे ‘दीर्घकालीन धोरण’ लिहावे. ‘स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग’साठी ‘धोरणात्मक नियोजन’ रूढ आहेच. लग्नसराईत व्यापाऱ्यांना जादा सूट देणे हे मात्र ‘टॅक्टिक्स’; त्या परिच्छेदाला ‘विक्रीची आखणी’ पुरे. ‘डावपेच’ अर्थाने जवळचा असला तरी कुस्तीच्या फडातून आलेल्या त्या शब्दाला लबाडीची छटा चिकटलेली आहे, आणि ती भागधारकांना वाचायला देण्याचे कारण नाही.