शहर म्हणजे धर्मशाळा नव्हे म्हणे!

यवतमाळकर_पुण्यात:
परवा एका ग्रुपवर एका सद्गृहस्थांची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. मजकूर असा: “पुण्यात यायचं, कमवायचं आणि दिवाळी आली की बॅगा भरून पळायचं. मतदान गावाला, रेशनकार्ड गावाला, जीव गावाला. आमच्या वाट्याला तुमचा कचरा आणि तुमच्या गाड्या. शहर म्हणजे धर्मशाळा नव्हे.” खाली अंगठ्यांचा पाऊस. मी तिथे उत्तर दिलं तर ॲडमिनने उडवलं. म्हणून इथे सविस्तर.

काका, धर्मशाळेत डिपॉझिट घेत नाहीत. इथे पहिला पगार हातात पडायच्या आधी दोन महिन्यांचं डिपॉझिट, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, वर ॲग्रीमेंटचा निम्मा खर्च. हे फ्लॅट मिळाला तर. त्याआधी मी कॉट बेसिसवर होतो. एका खोलीत चार कॉट, चौघांत एक कपाट, प्रत्येकाचा एक कप्पा आणि कप्प्याला ज्याचं त्याचं कुलूप. गिझर सहा ते आठ, त्यानंतर मालकीणबाई मेन स्विचच बंद करायच्या. रविवारी संध्याकाळी मेस बंद, त्या दिवशी मॅगी. खोली बघायला फोन केला की पहिला प्रश्न “बॅचलर का?”, दुसरा “नॉनव्हेज?” आणि तिसरा आडनाव.

आता मतदान. पत्ता बदलायला फॉर्म ८ भरायचा, हे मलाही माहीत आहे. पुरावा कुठला लावू? लाइट बिल मालकाच्या नावावर. ॲग्रीमेंट नोंदवायला मालक तयार नाही, कारण मग भाड्याचं उत्पन्न दिसतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ वाचा: करार नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पेठेतला किंवा वाकडमधला एक तरी घरमालक यासाठी आत गेलेला ऐकलाय का? आणि एवढं करून नाव चढलंच, तर अकरा महिन्यांनी खोली बदलते.

बरं, मत द्यायचं कोणाला? महापालिकेत २०१७ ला निवडून आलेल्यांची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक. त्या काळात तुम्ही अस्सल पुणेकरांनी कोणाला मत दिलंत?

दिवाळीला जातो कारण आई-वडील तिकडे आहेत. एरवी बाराशेला मिळणाऱ्या तिकिटाला साडेतीन हजार मोजून जातो. हौस म्हणून नाही.

नवीपेठी:
ती पोस्ट माझी नाही. मी लिहिली असती तर याहून कडक लिहिली असती.

आमच्या गल्लीत सात अभ्यासिका आहेत. रात्री एक वाजता चहाच्या गाडीवर आयोगाच्या निकालाची चर्चा चालते ती माझ्या खिडकीखाली. फाटकासमोर दुचाकी लावतात, सांगायला गेलं की “पाच मिनिटं काका”. ती पाच मिनिटं दुपारपर्यंत चालतात. माझ्या वडिलांनी १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर घरातला गाळ घमेल्यांनी उपसला. ते शहर सोडून गेले नाहीत. तुमच्यापैकी किती जण थांबतील?

आणि पाणी पिता ते कुठून येतं? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. तुमच्या फ्लॅटमधल्या एकाला तरी ही चार नावं सांगता येतात का, विचारून बघा.

शंभर_टक्के_सातारा:
काका, नळाला पाणी येत असेल तर धरणाचं नाव कळेल ना. आमच्या सोसायटीत टँकर येतो. टँकरवर धरणाचं नाव नसतं, नगरसेवकाचं असतं.

बीडची_सिस्टर:
चारही नावं येतात मला. आणखी एक सांगते. जानेवारी २०२५ ला सिंहगड रोडला, किरकटवाडी आणि नांदेड गावाच्या भागात जीबीएसचे, म्हणजे गुलियन बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, पेशंट निघाले. हातापायातली ताकद गेलेली, काहींना थेट व्हेंटिलेटर. पाण्याचा संशय होता. तेव्हा आयसीयूत रात्रपाळीला कोण होतं? बीड, लातूर, धाराशिवच्या मुली. त्या पेशंटमध्ये अस्सल पुणेकरही होते, आम्ही आडनाव विचारून सलाइन लावलं नाही.

आणि “दिवाळीला पळता” हे सरसकट बोलू नका. नर्सला दिवाळीला सुट्टी नसते. एका वर्षी लक्ष्मीपूजन मिळतं, पुढच्या वर्षी भाऊबीज.

बाकी यवतमाळकर, तुम्ही ट्रॅव्हल्सला साडेतीन हजार देता हा तुमचा दोष. मी एसटीने जाते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे.

यवतमाळकर_पुण्यात:
ताई, बीड कुठं आणि यवतमाळ कुठं. तुम्ही रात्री बसून पहाटे उतरता. आमच्याकडे थेट रेल्वे नाही. पुणे-नागपूर वंदे भारत सुरू झाली म्हणून सगळे हार घालत होते. ती दिवसभर बसवून वर्धा किंवा बडनेऱ्याला सोडते, तिथून पुढे परत एसटीच. साध्या एसटीत एवढी रात्र बसून जाऊन बघा एकदा, मग बोला.

बीडची_सिस्टर:
बारा तास उभं राहून ड्यूटी करते मी. बसायला मिळालं तरी खूप.

लालबागचा_चाकरमानी:
हे पुण्याचं प्रकरण वाचून हसू येतं. आमचे आजोबा गिरणीत लागले तेव्हा गावकीची खोली होती, एका खोलीत अख्खी वाडी. ट्रंका भिंतीला, वळकट्या माळ्यावर, पाळी संपली की दुसऱ्याच्या जागेवर आडवं व्हायचं. जेवण खानावळीत, हिशोब महिन्याचा. गणपती आणि शिमग्याला गावी जाणं हा हक्कच होता. तीन पिढ्या झाल्या, १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, माझा जन्म केईएममधला, तरी गणपतीला गावीच. लालबागमध्ये आम्हाला कोणी धर्मशाळा म्हणालं नाही, कारण म्हणणाराही त्याच रात्री गाडी पकडत होता.

खरा प्रश्न वेगळाच आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे. दर गणपतीला मंत्री येतात, पाहणी करतात, “पुढच्या गणपतीपर्यंत” म्हणतात. टोल माफ करतात! खड्ड्यांचा टोल माफ करून काय उपकार? यावर एक धागा काढा, हे पुणेरी रडगाणं पुरे.

नवीपेठी:
महामार्गाचा इथे संबंध काय?

लालबागचा_चाकरमानी:
संबंध हाच की रस्ता धड असता तर माणूस शनिवार-रविवार गावी जाऊन आला असता. मग वर्षातून एकदा बॅगा भरून “पळावं” लागलं नसतं.

ट्रॅव्हल्स_संगमवाडी:
मी बुकिंगवाला आहे, त्यामुळे आधीच शिव्या घालून घ्या. झाल्या? आता ऐका.

दिवाळीच्या आधी गाडी पुण्यातून फुल्ल जाते आणि तिकडून येताना ड्रायव्हर, क्लीनर आणि दोन पार्सलं. दिवाळी झाली की उलटं. दोन्ही बाजूंचं डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता एकाच बाजूच्या पॅसेंजरकडून काढावा लागतो. स्लीपरला बर्थ तीस-पस्तीस. टॅक्स आणि हप्ता काही सणाची सुट्टी घेत नाहीत. जूनमध्ये हीच गाडी सहाशेला जाते, तेव्हा कोणी धागा काढत नाही की बिचाऱ्याचं नुकसान होतंय.

निवृत्त_वाहक_अकोला:
थांबा ना भाऊ. हिशोब आम्हालेही येते. २७ एप्रिल २०१८ चा शासन निर्णय आहे: एसटीचं जे भाडं असन, खासगी गाडीनं त्याच्या दीडपटीवर जायचं नाही. ही रिकामी येण्याची गोष्ट सरकारले माहीत नव्हती काय? माहीत होती, म्हणूनच दीडपट दिली. तुम्ही तिप्पट घेता. शिवाय तुमचा परवाना कंत्राटी. टप्प्याटप्प्यावर माणसं चढवायचा, उतरवायचा अधिकार तुम्हाले नाहीच. तो एसटीचा. तरी संगमवाडी, वाघोली, शिक्रापूर, नगर, हात दाखवा अन् गाडी थांबवा.

एसटी रिकामी येत नाही काय? येते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी खेड्यात जाते, पोरींले शाळेत सोडते. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी निघाली तवापासून हेच काम आहे.

ट्रॅव्हल्स_संगमवाडी:
आणि २०२१ च्या दिवाळीत ती एसटी कुठे होती, काका? ऑक्टोबरच्या शेवटी संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत. तेव्हा लोकांना घरी कोणी नेलं? आम्ही. तेव्हा परवाना कंत्राटी आहे का टप्प्याचा, कोणी विचारलं नाही.

निवृत्त_वाहक_अकोला:
तेव्हा लोकांची मजबुरी पाहून किती घेतले तेही सांगा. संप हौसेनं केला नव्हता. त्या काळात माझ्या सोबतच्या माणसांनी जीव दिले. तोंड सांभाळून बोला. अन् सिंदखेडराजा विसरले काय? १ जुलै २०२३. नागपूरहून पुण्याले निघालेली खासगी गाडी समृद्धीवर पेटली, २५ माणसं गेली.

ट्रॅव्हल्स_संगमवाडी:
प्रेतं मोजून वाद जिंकायचा असेल तर जिंका. एसटीचे अपघात मीही मोजू शकतो. मोजणार नाही. त्या रस्त्यावर माझेही ड्रायव्हर रोज जातात.

बीडची_सिस्टर:
दोघंही थांबा जरा. मी कॅज्युअल्टीत असते, दोन्ही गाड्यांतले येतात.

शंभर_टक्के_सातारा:
विषय काय होता, कुणाला आठवतंय का? सातारा दोन-अडीच तासांवर आहे, मी दर शनिवारी जातो, त्यामुळे मला काहीच फरक पडत नाही. मजा येतेय वाचायला.

निवृत्त_वाहक_अकोला:
साताऱ्यावाल्यानं मधात बोलू नये. तुम्हाले दर पाच मिनिटाले गाडी आहे.

यवतमाळकर_पुण्यात:
वाहककाकांचा दीडपटीचा मुद्दा मला पाठ आहे. गेल्या वर्षी तक्रारही केली. ॲपवरच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवला, उत्तर आलं “आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे”. ती वर्ग होऊन कुठल्या वर्गात बसली, देव जाणे.

आणि त्या साडेतीन हजारांत मिळतं काय? नऊची वेळ. साडेनऊला संगमवाडीत फूटपाथवर बॅगांवर बसलेली शंभर-दीडशे माणसं. हातात वही घेतलेला एक पोरगा, “गाडी कात्रजला आहे, पंधरा मिनिटं”. साडेदहाला पण कात्रज. अकराला गाडीचा नंबर बदलल्याचा मेसेज. जवळ ना शौचालय, ना पाण्याचा नळ. बायका कडेच्या हॉटेलवाल्याला विनवण्या करतात. शेवटी गाडी येते, आणि आपण बुक केलेल्या सिंगल बर्थवर कोणीतरी लहान पोराला घेऊन झोपलेलं असतं. त्याला उठवायचं? मी नाही उठवत. मग डबल बर्थवर अनोळखी माणसाशेजारी रात्रभर.

नवीपेठी, तुम्ही म्हणता पळता. या असं पळून बघा एकदा.

ट्रॅव्हल्स_संगमवाडी:
शौचालयाचं बरोबर आहे. ते आम्हीही मागतोय. जागा आमची नाही, बांधून कोण देणार? बाकी “कात्रजला आहे” हे मात्र खरंच कात्रजला असते हो. सणाला कात्रज ते संगमवाडी दीड तास लागतो. ते ट्रॅफिक कोणाचं, ते नवीपेठींना विचारा.

नवीपेठी:
आलं परत माझ्यावर.

संगमवाडीचं वर्णन वाचलं. वाईट आहे. शहराने त्या लोकांसाठी धड थांबा बांधला नाही, हे मान्य करायला माझी हरकत नाही, कारण स्वारगेटला एसटीसाठी जाणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींचेही हालच होतात. शिवाजीनगरचं स्टँड मेट्रोसाठी वाकडेवाडीला नेलं, “तात्पुरतं” म्हणून, २०१९ च्या शेवटी. तेव्हापासून पेठेतल्या माणसाला नाशिकची गाडी धरायला आधी रिक्षा धरावी लागते, आणि ती मीटरने येत नाही.

पण याचाच अर्थ माझा मुद्दा बरोबर आहे. तुम्ही इथले मतदार असता तर त्या फूटपाथवर शौचालय कधीच झालं असतं. दीडशे माणसं रात्री ताटकळतात आणि एकाचंही मत या वॉर्डात नाही. नगरसेवक कशाला बघेल? ती पोस्ट उद्धट असेल, हिशोब चुकीचा नाही.

यवतमाळकर_पुण्यात:
मग घरमालकाला सांगा ना करार नोंदवायला! तुमच्या गल्लीतल्या सात अभ्यासिकांच्या वरच्या मजल्यांवर मुलं राहतात, त्यांचे करार नोंदवले आहेत का? तुमच्या स्वतःच्या घरात कॉट बेसिसवर कोणी आहे का? सरळ उत्तर द्या.

नवीपेठी:
दोन मुलं आहेत. पावती देतो.

बीडची_सिस्टर:
😂😂😂

शंभर_टक्के_सातारा:
पावती! कलम ५५ वाले यवतमाळकर, तुमचा माणूस सापडला.

नवीपेठी:
हसा. करार नोंदवायचा म्हणजे शुल्क, मुद्रांक, अंगठा द्यायला दोन साक्षीदार. मुलं सहा महिन्यांत निघून जातात. आणि दोन्ही मुलं चांगली आहेत, एक परभणीचा आहे, माझ्या औषधांच्या वेळा त्याला पाठ आहेत. माझी तक्रार दुचाकीवाल्यांबद्दल आहे.

लालबागचा_चाकरमानी:
म्हणजे घरातला परभणीचा चालतो, फाटकातला नाही. आणि मूळ पुणेकर म्हणजे कोण हो? बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनहूनच आले होते. आमच्या कोकणातून. नोकरीसाठी.

नवीपेठी:
ते बॅगा भरून परत गेले नाहीत.

लालबागचा_चाकरमानी:
तेव्हाही महामार्गाचं काम चालू असेल.

यवतमाळकर_पुण्यात:
नवीपेठी, दोन मुलांचे करार ऑनलाइन नोंदवा. खर्च मुलांकडून निम्मा घ्या, देतील. मग धर्मशाळेवर बोलू.

नवीपेठी:
बघतो. तुमच्या सांगण्यावरून नव्हे, परभणीवाल्याने आधीच दोनदा मागितलाय.

ट्रॅव्हल्स_संगमवाडी:
यवतमाळकर, धनत्रयोदशीच्या आदल्या रात्रीची एक बर्थ आत्ताच कॅन्सल झाली आहे.

यवतमाळकर_पुण्यात:
किती?

ट्रॅव्हल्स_संगमवाडी:
३४००.

निवृत्त_वाहक_अकोला:
दीडपटीत बसते का हे?

ट्रॅव्हल्स_संगमवाडी:
नाही बसत, काका. एसटीचं रिझर्व्हेशन असेल तर तुम्ही द्या त्यांना.

निवृत्त_वाहक_अकोला:
त्या तारखेचं फुल्ल झालं.

यवतमाळकर_पुण्यात:
वरची आहे की खालची?

ट्रॅव्हल्स_संगमवाडी:
वरची. शेवटची, टायरवरची.

यवतमाळकर_पुण्यात:
नंबर मेसेज करा. आणि आणखी दोनशे कमी करा, एवढं सगळं ऐकून घेतलं तुमचं.