मदत हवी आहे: वदरिंग हाइट्स, पुढे वाचू की सिनेमा बघू?

मंडळी, आमच्या वाचनगटात या महिन्यात एमिली ब्राँटेची वदरिंग हाइट्स ही इंग्रजी कादंबरी आहे आणि मी अर्ध्यावर अडकलेय. नायिका कॅथरीन वारली आणि पुढे अजून अर्धं पुस्तक शिल्लक! त्यात नावांचा घोळ, आई कॅथरीन, मुलगी पण कॅथरीन, वंशावळीचा तक्ता काढून बसले शेवटी. बरं, कॅथरीनवर प्रेम करणारा हीथक्लिफ काय हिरो वगैरे नाहीच, बायकोच्या कुत्रीला फासावर लटकवणारा माणूस तो, तरी 1847 पासून लोक त्याच्यावर फिदा, 1978 मध्ये केट बुश या गायिकेचं याच नावाचं गाणं इंग्लंडात एक नंबरला, आपल्याकडे दिलीपकुमारचा दिल दिया दर्द लिया पण यावरूनच. असं काय आहे यात??

यावरचा 1939 चा इंग्रजी सिनेमा बघितला तर त्यात दुसरी पिढी उडवूनच टाकलीय. (त्यात कॅथी म्हणजे कॅथरीन झालेली मर्ल ओबेरॉन मुंबईत जन्मलेली, आणि ते तिने आयुष्यभर लपवलं, हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून तासभर तेच शोधत बसले.)

तर ज्यांनी पूर्ण वाचलंय त्यांनी सांगा, दुसरा भाग नेटाने वाचण्यासारखा आहे का? आणि दोन्ही पिढ्या दाखवणारा सिनेमा कुठला बघू? रविवारी चर्चा आहे, प्लीज लवकर सांगा.