'गुरुत्व' आणि 'गुरुत्वाकर्षण' : कुठे कोणता शब्द?

डिचोलीहून विचारणा
गावच्या वाचनालयात मुलांशी मराठीतून विज्ञानावर बोलायचं आहे. आमच्या भागात बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पुढे विज्ञान इंग्रजीतून, त्यामुळे मराठी शब्द कानावर पडण्याची ही एकच संधी. 'गुरुत्व', 'गुरुत्वाकर्षण' आणि 'गुरुत्वीय' सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. चालेल का तसं? आणि 'प्रतिगुरुत्वाकर्षण'? मुलं ते विचारल्याशिवाय राहणार नाहीत.

फोंड्याहून
ताई, चालवून घेऊ नका. 'गुरुत्व' हे जे घडतं त्याचं नाव. 'गुरुत्वाकर्षण' म्हटलं की ते का घडतं याचं उत्तरही आलंच : कोणीतरी ओढतं. आणि हे उत्तर आजवर बदलत आलेलं आहे.

अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात व्याख्या आहे, 'आद्यपतनासमवायिकारणं गुरुत्वम्'. वस्तू पडू लागते त्या पहिल्या पतनाचं कारण म्हणजे गुरुत्व. हा गुण पडणाऱ्या वस्तूचा स्वतःचा, तोही फक्त पृथ्वी आणि जल या दोन द्रव्यांत. इथे ओढणारं कोणी नाहीच. भास्कराचार्यांनी मात्र ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत 'आकृष्टिशक्ति' पृथ्वीला दिली. आकाशातली जड वस्तू पृथ्वी स्वतःकडे खेचते आणि ती पडल्यासारखी भासते, 'पततीव भाति'. हा 'इव', म्हणजे 'जणू', मला फार मोलाचा वाटतो. म्हणून न्यूटनचा नियम आपल्याकडे आधीच होता असं मात्र मुलांना सांगू नका. अंतर दुप्पट झालं की ओढ चौपटीने घटते हे गणित, आणि झाडावरचं फळ व आकाशातला चंद्र दोघांना एकच सूत्र, हे १६८७ चं न्यूटनचं काम आहे.

१९१५ मध्ये आईनस्टाईनने ती ओढच काढून टाकली. वस्तुमानामुळे अवकाश-काल वक्र होतो आणि वस्तू त्या वक्रतेतल्या सरळात सरळ वाटेने जातात. २०१५ मध्ये ज्या लहरी प्रथम टिपल्या गेल्या, त्या या वक्रतेच्या. त्यांना 'गुरुत्वीय लहरी' म्हणावं. 'गुरुत्वाकर्षण लहरी' असं छापून येतं ते मला पटत नाही. त्या कशाला ओढत नाहीत, अवकाशालाच आळीपाळीने ताणतात आणि आवळतात. हिंगोली जिल्ह्यात या लहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पाची वेधशाळा होते आहे, त्यामुळे हा शब्द मराठीत वरचेवर लागणार. आत्ताच नीट रुजू दे.

वास्कोहून
'गुरुत्व मोजलं' या शब्दप्रयोगाबद्दल थोडं. मोजतो ते गुरुत्वीय त्वरण, म्हणजे पडताना वेग वाढण्याचा दर. त्याला उपकरण लागतंच असं नाही. एक मीटर दोरीला दगड बांधा, हलकेच झोका द्या, जाऊन-येऊन दहा झोके मोजा : वीस सेकंदांच्या जरा वर. दगड बदला, वेळ तीच. देवळात साखळीला टांगलेला लामणदिवा हलला की हेच दिसतं. साखळी लांब तितका झोका संथ, दिव्यात तेल किती याचा जवळपास काही संबंध नाही.

१६७२ मध्ये रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या काएनला लंबकाचं घड्याळ घेऊन गेला, तर ते रोज अडीचेक मिनिटं मागे पडू लागलं. लंबक आखूड करावा लागला. त्वरण विषुववृत्तावर ९.७८० आणि ध्रुवांवर ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग असतं, आपल्या गोव्याच्या अक्षांशावर ९.७८४ च्या आसपास. क्रमिक पुस्तकातलं ९.८ हे सोयीचं पूर्णांकन.

आणखी एक खटकणारा शब्द : 'गुरुत्वाकर्षणाचं छिद्र'. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात गुरुत्व थोडं उणं आहे, त्यामुळे तिथली समुद्रपातळी पृथ्वीच्या आदर्श आकारापेक्षा शंभरएक मीटर खाली बसते. तिथे छिद्रही नाही आणि भोवराही. 'गुरुत्वाचा खळगा' म्हणा.

डिचोलीहून
खळगा घेतला. मग 'वजन' आणि 'वस्तुमान'?

वास्कोहून
म्हापशाच्या बाजारातली तागडी वस्तुमानांची तुलना करते, म्हणून ती ध्रुवावर नेली तरी तेच सांगेल. स्प्रिंगचा काटा ओढ, म्हणजे वजन, मोजतो, तो तिथे किंचित जास्त दाखवेल. मुलांना दोन्ही हातात द्या, व्याख्या नंतर.

फोंड्याहून
आता 'प्रतिगुरुत्वाकर्षण'. शब्द व्याकरणाने ठीक आहे, पण त्याच्यामागे वस्तू नाही. २०२३ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत प्रतिहायड्रोजनचे, म्हणजे उलट विद्युतभाराच्या कणांनी बनलेल्या हायड्रोजनचे, अणू सोडून पाहिले, ते प्रतिद्रव्य असूनही खालीच गेले. १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रबळ चुंबकीय क्षेत्रात जिवंत बेडूक तरंगवला होता. तेव्हाही गुरुत्व तसूभर कमी झालेलं नव्हतं, चुंबकीय बलाने त्याला तोलून धरलं होतं. म्हणून 'गुरुत्वावर नियंत्रण' असं लिहूच नये. चुंबकाने किंवा पंखाने गुरुत्व तोलता येतं. ते झाकता येत नाही, बंद करता येत नाही.

याच न्यायाने 'शून्य गुरुत्वाकर्षण'ही टाळा. अंतराळ स्थानक चारेकशे किलोमीटरवर फिरतं, तिथे गुरुत्व जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के असतंच. अंतराळवीर आणि यान दोघं एकत्र पडत असतात, म्हणून तरंगतात. त्या अवस्थेला 'भारहीनता' हा शब्द आहे आणि तो नेमका आहे.

न्यूटनचं बल शिकवताना 'गुरुत्वाकर्षण' खुशाल वापरा, दहावीच्या गणितांना तेच पुरतं. एरवी 'गुरुत्व'. आणि एखाद्या मुलाने 'पण पृथ्वी ओढते ती कशाने?' असं विचारलं, तर न्यूटनकडेही त्याचं उत्तर नव्हतं हे त्याला जरूर सांगा.