बातमीत ‘ॲक्सिडेंट’ लिहावं की ‘क्रॅश’?

प्रश्न: रात्रपाळी, नागपूर

मी इथल्या एका इंग्रजी दैनिकात सात महिन्यांपासून उपसंपादक आहे. शाळा मराठी, त्यामुळे साधे इंग्रजी शब्दही तपासून घेते. परवा रात्री वर्धा रोडवरची बातमी आली. लाल सिग्नलवर टिप्पर पुढे निघाला, स्कूटीवरची मुलगी जागीच गेली. मी मथळ्यात ‘क्रॅश’ लिहिलं. सरांनी खोडून ‘ॲक्सिडेंट’ केलं. म्हणाले, वाचकाला हाच शब्द कळतो.

कळतो, खरं आहे. पण २०१४ मध्ये माझा मामा कामठी रोडवर असाच गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण आजीला म्हणायचा, “ॲक्सिडेंटच तो, कोणाच्या हातात असते काय?” गाडी ज्याच्या हातात होती, तो माणूस त्या वाक्यात कुठंच नव्हता. तेव्हापासून हा शब्द माझ्याच्यानं लिहवत नाही. नियम काय आहे?

धंतोलीचे काका (डेस्कवरून निवृत्त)

पोरी, असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेनं २०१६ मध्ये हेच सांगितलं. एरवी ‘ॲक्सिडेंट’ चालेल. पण निष्काळजीपणाचा आरोप असेल किंवा तो सिद्ध झाला असेल, तर टाळा. त्या शब्दानं जबाबदार माणूस सुटल्यासारखा वाटतो. तिथं ‘क्रॅश’ किंवा ‘कोलिजन’ लिहा. बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकानं तर २००१ मध्येच हा शब्द आपल्या पानांवर बंद केला होता. आधी एफआयआर पहा, मग शब्द ठरव.

वकील, सिव्हिल लाइन्स

एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) आहे का ते बघा, जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३०४-अ. असेल तर निष्काळजीपणाचा आरोप आहेच. ‘क्रॅश’ लिहिल्यानं चालक दोषी ठरत नाही, ते कोर्टाचं काम. मात्र भरपाईच्या बातमीत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं नाव जसंच्या तसं ठेवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘ॲक्सिडेंट’ हाच शब्द आहे.

मराठीची शिक्षिका, महाल

ताई, ‘ॲक्सिडेंट’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘येऊन पडणं’ आहे; करणारा कोणी नाही. आपल्या ‘अपघात’मध्ये निदान ‘घात’ तरी आहे. पण आमचे पेपर तरी काय लिहून राहिले? ‘भरधाव ट्रकनं चिरडलं.’ मी वर्गात पोरांना विचारते, ट्रक कोण चालवत होता? मथळा बदलाल तेव्हा खालचं पहिलं वाक्यही बघा.

रात्रपाळी, नागपूर

काका, एफआयआर मागवला. १०६(१) आहे. सरांना दाखवला, त्यांनी नीट वाचला. छापील अंक गेलाच होता, वेबवरचा मथळा बदलला. पहिलं वाक्य टिप्परपासून सुरू होत होतं. आता ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार चालकानं सिग्नल तोडला’ असं आहे. शिवाय इंग्रजीत ‘क्रॅश’ पाच अक्षरांचा आणि ‘ॲक्सिडेंट’ आठ. एका कॉलमच्या मथळ्यात तीन अक्षरं वाचतात, हे सरांना लगेच पटलं.