मदत हवी आहे: बॅकअप संपायच्या आत एलव्हीएम स्नॅपशॉट भरतो

डेबियन १२, एलव्हीएम (लिनक्सची डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था) वापरून केलेला ४०० जीबीचा लॉजिकल व्हॉल्यूम, त्यावर एक्सएफएस फाइलसिस्टीम. रोज रात्री १ वाजता ५ जीबीचा स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत; नंतर मूळ व्हॉल्यूमवर जे बदलतं त्याचा जुना डेटा यात साठत जातो) काढतो, 'आरओ, नोयूयूआयडी' (फक्त वाचण्यासाठी, मूळचाच ओळख-क्रमांक असला तरी चालवून घे) देऊन माउंट करतो आणि आरसिंक या फाइल-कॉपीच्या प्रोग्रामने दुसऱ्या मशीनवर नेतो. आरसिंकला साधारण ३ तास लागतात. त्याआधीच 'एलव्हीएस' कमांडमधला डेटाचा (स्नॅपशॉट किती भरला त्याचा) आकडा १०० टक्क्यांना टेकतो, स्नॅपशॉट बाद होतो आणि आरसिंक इनपुट/आउटपुट एररवर पडतो. मूळ व्हॉल्यूमला काही होत नाही.

डेटाबेसचा डंप नेमका याच वेळी याच व्हॉल्यूमवर पडत होता, तो हलवला. बराच फरक पडला, पण पुरेसा नाही. ऑटोएक्स्टेंडचा (स्नॅपशॉट आपोआप वाढवण्याचा) थ्रेशोल्ड ७०, वाढ २० टक्के ठेवली आहे, ते काम करणारी डीएमइव्हेंटडी सेवा चालू आहे. स्नॅपशॉट वाढतोही, पण व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (ज्या डिस्कच्या साठ्यातून व्हॉल्यूम काढतात त्यात) मोकळी जागाच ९ जीबी. एक्सएफएस आक्रसून जागा काढता येत नाही, थिन पूलवर (लागेल तशी जागा देणाऱ्या एलव्हीएमच्या दुसऱ्या पद्धतीवर) जाणं सध्या शक्य नाही.

म्हणून २५० जीबीची यूएसबी एसएसडी याच ग्रुपमध्ये घालून, व्हॉल्यूम बनवणाऱ्या 'एलव्हीक्रिएट' कमांडच्या शेवटी तिचं नाव देऊन फक्त स्नॅपशॉट तिच्यावर काढायचा विचार आहे. रूटही (सिस्टीम जिच्यावरून चालते ती मुख्य फाइलसिस्टीम) याच ग्रुपमध्ये आहे. स्नॅपशॉट असताना एसएसडी निघाली आणि मशीन रीबूट झालं, तर रूट अ‍ॅक्टिव्हेट होईल, की बूट इनिट्रॅमएफएसमध्येच (रूट माउंट होण्याआधीच्या सुरुवातीच्या टप्प्यात) अडकेल?